फोकस मागे गेलेले फोटो

मी एक जुना मॉनिटर आहे. वर्गात नावं लिहून घेणारा आणि बाईंकडे चहाड्या करणारा मॉनिटर नव्हे, मित्रांनो. टेबलावर उभं राहून दुसऱ्यांचे चेहरे दाखवणारा कॉम्प्युटरचा मॉनिटर. चहाड्या मात्र मीही करणार आहे. माणूस आरशासमोर उभा राहिला की निदान पोट तरी आत घेतो. माझ्यासमोर बसलेला माणूस काहीच आत घेत नाही. तोंड उघडं टाकतो, नखं चावतो, स्वतःशीच भांडतो. माझ्या काचेवर काय उमटलंय ते मला आतून कळतं, आणि समोर कोण बसलंय ते बाहेरून दिसतं. त्यामुळे माझा माणसांचा हिशेब सहसा चुकत नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे सगळे पांढरे झगे घालून आणि तोंडाला फडकी बांधून वावरत, कारण माझ्या काचेवर धुळीचा एक कण बसला तरी मी वाया गेलो असतो. जन्माला आल्या आल्या मला लाल करून बघितलं, मग हिरवा, मग निळा. एका बाईने माझ्या चारी कडांवरून बोट फिरवलं आणि पाठीवर शिक्का मारला. आयुष्यात मला तेवढीच एक परीक्षा द्यावी लागली, आणि मी पास झालो.

पहिली काही वर्षं मी एका जाहिरातीच्या कचेरीत होतो. काय तो मान! पाहुणे आले की साहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "रंग बघा, रंग! जसेच्या तसे." मग माझ्याहून पातळ, माझ्याहून रुंद असा एक नवा आला. मला आधी दारापाशी बसवलं, मग अडगळीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवलं. भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या मॉनिटरला काय वाटतं, हे ज्यांनी वर्गात तशी शिक्षा भोगली आहे त्यांनाच कळेल.

तिथून मला फोटोवालीने विकत घेतलं. तिने मला घरी आणलं, पुसलं, सुरू केलं आणि माझ्यावर पहिला फोटो लावला तो सासूबाईंचा. थोडा वेळ निरखून म्हणाली, "छान. अगदी घरात दिसतात तशाच दिसताहेत."

सासूबाई मागेच उभ्या होत्या. "म्हणजे कशी गं?" त्यांनी विचारलं.

फोटोवालीने घाईघाईने पुढचा फोटो लावला. तेव्हाच मी ओळखलं, या घरात आपलं जमेल.

फोटोवालीचा धंदा तसा वेगळा. स्टेजवर गिटार, ड्रम घेऊन गाणारे जे बँड असतात, त्यांच्या चालू कार्यक्रमाचे फोटो ती काढते. कार्यक्रम दोन तासांचा आणि त्यानंतरची मेहनत दोन दिवसांची. ती मेहनत माझ्यासमोर बसून. ढीगभर फोटोंतून आधी वाईट काढून टाकायचे, मग उरलेल्यांतून बरे ठेवायचे, मग बऱ्यांना देखणं करायचं. वाईट कुठले याचे तिचे नियम ठरलेले. डोळे मिटले, बाद. माईक तोंडावर आला, बाद. जबडा इतका उघडला की दाढा मोजता याव्यात, बाद. आणि सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे फोकस मागे जाणं.

हे जरा समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. स्टेजवर अंधार, धूर आणि नाचणारे दिवे. कॅमेरा बिचारा त्यात कुणाला तरी पकडू बघतो. पकडायचं असतं समोरच्या गायकाला, पण कधीकधी तो पकडतो गायकाच्या मागे बसलेल्याला. मग समोरचा गायक ओल्या रंगावर हात फिरावा तसा फिसकटतो, आणि मागचा माणूस मात्र लख्ख दिसतो. असा फोटो कुणालाच नको असतो. फोटोवाली बटणावर बोट आपटायची, "गेला मागे" म्हणायची, की तो फोटो संपला.

माणसं फोटोत काय बघतात याचाही माझ्याकडे हिशेब आहे. गायक आपले फोटो किती आहेत ते मोजतो. गिटारवाला म्हणतो, "ताई, माझी बोटं कुठेत?" बासरीवाली डावा गाल चांगला म्हणून उजव्या गालाचे सगळे फोटो काढून टाकायला सांगते. एक ड्रमवाला तेवढा कधी आला नाही, कधी फोन केला नाही. तो ड्रमच्या ढिगामागे बसलेला असतो, झांजेने त्याचं तोंड झाकलेलं असतं, आणि तक्रारही नसते. माझ्या हिशेबात त्याच्या नावापुढे शून्य होतं.

आता त्या दिवसाची गोष्ट.

त्या दिवशी फोटोवाली सकाळी माझ्यासमोर बसली तेव्हाच तिचे डोळे सुजलेले होते. परवा एक कार्यक्रम झाला होता, काल दुसरा, आणि त्या संध्याकाळी तिसरा होता. परवाचे फोटो दुपारपर्यंत द्यायचे होते आणि आयोजकाचा फोन टेबलावर गांधीलमाशीसारखा घोंघावत होता. परवाच्या स्टेजवर कुणा शहाण्याने जांभळे दिवे लावले होते. सगळा बँड वांग्यासारखा दिसत होता. तिने जांभळा रंग कमी केला तर सगळे आजारी दिसायला लागले. मग थोडा लाल वाढवला तर सगळे भांडून आल्यासारखे दिसायला लागले. एकच फोटो तिने तीनदा सुधारला आणि तीनदा पूर्वीसारखा करून ठेवला. डोळ्यांत थेंब घातले, मान गोल फिरवली, पुन्हा बसली. "अरे राजा, एकदा तरी डोळे उघड की," ती एका गिटारवाल्याला म्हणाली. गिटारवाला काय उघडणार!

सासूबाई चहा घेऊन आल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "यांचे दात दुखताहेत का?"

"गाताहेत आई ते."

"असं होय. मग औषध नाही त्याला."

फोटोवाली हसलीसुद्धा नाही. यावरून ती किती थकली होती हे ओळखा. थकलेल्या माणसाचे हात सवयीने चालतात आणि डोकं मागे राहतं. हातांनी वाईट फोटो वेगळे केले. कॉम्प्युटर भरला म्हणून कुरकुरला, तेव्हा हातांनी ते वाईट फोटो कायमचे काढून टाकले. संध्याकाळी कॅमेऱ्यात कार्ड लागणार म्हणून हातांनी परवाचं कार्डही साफ केलं. एरवी फोटो पोचते केल्याशिवाय ती कार्डाला हात लावत नसे. त्या दिवशी लावला. शिवाय लेन्स नीट आहे का बघायला खिडकीपाशी बसलेल्या सासूबाईंचे त्याच कार्डावर चार फोटो काढले.

कार्ड अजून टेबलावरच होतं, तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

आत आलेली बाई थोराड हाडाची, मनगटावर भाजल्याचा जुना डाग, पदर खोचलेला. खुर्ची पुढे केली तरी बसली नाही.

"तुम्हीच ना फोटोवाल्या? परवाच्या कार्यक्रमाला होतात ना?"

"हो. तुम्ही?"

"मी ठोक्याची बहीण. ड्रम वाजवतो ना तो. मोठी बहीण. माझं इस्त्रीचं दुकान आहे, मला सगळे आक्काच म्हणतात." मग एका दमात म्हणाली, "माझा भाऊ परवापासून घरी आला नाही."

फोटोवालीने हातातला कप खाली ठेवला.

आक्काने सांगितलं ते असं. कार्यक्रम संपल्यावर गायकाने ठोक्याला सगळ्यांदेखत झापलं. शेवटच्या गाण्यात ताल सोडलास, आमचं हसं केलंस, पुढच्या वेळेपासून तुझ्या जागी यंत्र लावतो. ठोक्याने काड्या पिशवीत घातल्या आणि निघून गेला. तेव्हापासून त्याचा फोन नुसता वाजतो, तो उचलत नाही. मित्रांकडे नाही, सरावाच्या खोलीत नाही.

"काल नदीच्या पुलावर दोन खेपा घातल्या मी," आक्का म्हणाली. "कशाला ते विचारू नका."

फोटोवालीने खुर्ची आणखी जवळ सरकवली.

"चौकीत गेले. साहेब म्हणाले, आत्ताचा फोटो आणा. चेहरा समोरून, स्वच्छ. माझ्याकडे हा आहे." तिने पिशवीतून ओळखपत्र काढलं. त्यावर कान पुढे आलेला, मिसरूडही न फुटलेला पोरगा होता. "आता याची छातीपर्यंत दाढी आहे. हा फोटो दाखवला तर लोक त्याला शाळेच्या दारात शोधतील. फोटोत यायचाच नाही हो तो कधी. घरच्या सगळ्या फोटोंत याचा नुसता कान. बँडचे फोटो तुम्ही काढता म्हणून आले."

"बसा, बसा. भरपूर आहेत," फोटोवाली म्हणाली आणि सकाळी निवडलेले फोटो उघडले.

गायक ओरडताना. गायक रडताना. गायक उडी मारताना. गिटारवाल्याची बोटं. गायकाच्या खांद्यामागे धूर, धुरात झांज, झांजेमागे केस. पुढचा फोटो. पुन्हा झांज. पुढचा.

"हा... हा कोपर त्याचा आहे," आक्का म्हणाली. "शर्ट मीच इस्त्री केला होता."

"पुढे बघू."

"कोपर घेऊन चौकीत जाऊ का मी?"

फोटोवाली भराभर पुढे जात राहिली आणि मला समोरून तिचा चेहरा दिसत होता. आधी घाई, मग शंका, मग एकदम रक्त उतरावं तसा तो पांढरा पडला. ज्या फोटोंत ठोक्या लख्ख दिसत होता ते फोटो तिने पाहिले होते. सकाळीच पाहिले होते. एकेकाला "गेला मागे" म्हणत तिनेच ते घालवले होते.

"माझ्याकडे होते," ती म्हणाली. "सकाळपर्यंत होते."

आणि तिने सगळं सांगितलं. न लपवता, पण आक्काकडे न बघता.

 आक्का हळू म्हणाली, "म्हणजे जे फोटो माझ्या भावाचे, ते तुमच्या लेखी चुकलेले."

मित्रांनो, माझ्या काचेवर त्या क्षणी गायक हवेत होता, दोन्ही पाय वर, तोंड आ केलेलं. इतका निरर्थक फोटो मी आयुष्यात दाखवला नव्हता.

फोटोवाली उठली, कार्ड उचललं, कॉम्प्युटरला जोडलं. साफ केलेल्या कार्डावरचे फोटो लगेच नाहीसे होत नाहीत. त्यांचा पत्ता तेवढा पुसला जातो, आणि नवा फोटो येऊन त्या जागी बसेपर्यंत जुना तिथेच पडून असतो. पत्त्याशिवाय घर शोधावं तसे ते शोधणारा एक प्रोग्राम तिच्याकडे होता. तिने तो लावला. संध्याकाळच्या कार्यक्रमवाल्यांना फोन करून म्हणाली, "मी येत नाही. दुसरं कुणी बघा." पलीकडचा माणूस ओरडत होता, तिने फोन उलटा ठेवला.

"मिळतील?" आक्काने विचारलं.

"काही मिळतील. काहींच्या जागी दुसरे बसले असतील."

"दुसरे कोण?"

फोटोवालीने नुसतं खिडकीकडे बघितलं. सासूबाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. "माझ्या फोटोंनी कुणाची जागा घेतली असेल तर आग लागो त्या फोटोंना," त्या म्हणाल्या आणि आक्कासाठी पाणी आणायला गेल्या.

फोटो यायला लागले. जीव मुठीत धरून यावं तसे, एकेक. कुणाचा खालचा अर्धा भाग करडा, कुणावर हिरव्या-गुलाबी पट्ट्या, कुणी उघडेचना. आक्का माझ्या इतक्या जवळ आली होती की तिच्या श्वासाची वाफ काचेवर धरत होती. आणि मी? मी तापत चाललो होतो. मला जुनं दुखणं आहे. फार तापलो की माझे डोळे मिटतात, आणि निवल्याशिवाय उघडत नाहीत. मी खूप धरून ठेवलं. तुम्ही शाळेत खोकला दाबून धरता तसं. पण गायकाचा एक खांदा अर्धा आला आणि मी काळाठिक्कर पडलो.

"काय झालं? गेलं?" आक्का किंचाळली.

"नाही, नाही! शोधणं चालू आहे आत. फक्त दिसत नाहीये. हा निवला की दिसेल." फोटोवाली मला वहीने वारा घालायला लागली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

दोघी माझ्या काळ्या काचेसमोर बसून राहिल्या आणि त्या काचेत त्यांना स्वतःचेच चेहरे दिसत राहिले. अशा वेळी माणसं बोलतात.

"परवा निघताना माझं त्याच्याशी वाजलं होतं," आक्का म्हणाली. "स्वयंपाकघरातून पाच हाका मारल्या, डबा ने म्हणून. ढिम्म. वर्षभर असंच चाललंय. हाक मारली तर ओ नाही, दारावर कुणी आलं तर उठायचं नाही, दुकानातून फोन केला तर उचलायचा नाही. मोठा कलाकार झालाय ना! मी बाहेर आले आणि म्हटलं, माजलास. आई गेल्यावर मी वाढवलं त्याला. तरी म्हटलं, माजलास."

"तो काय म्हणाला?"

"पाठमोरा होता. काही नाही म्हणाला."

सासूबाईंनी पाण्याचा पेला तिच्या हातात दिला आणि हात तिच्या पाठीवर तसाच ठेवला.

मी डोळे उघडले तोवर बरेच फोटो येऊन पडले होते. फोटोवालीने पहिला उघडला. गायक फिसकटलेला, आणि त्याच्या खांद्यावरून, धुराच्या फटीतून, एक दाढीवाला चेहरा. पापण्यांचे केस मोजता यावेत इतका लख्ख. कपाळावरचा घामाचा थेंबसुद्धा स्पष्ट.

आक्का पुढे झाली. तिने माझ्या काचेला हात लावला. एरवी कुणी बोट लावलं तर फोटोवाली ओरडते. त्या दिवशी ओरडली नाही.

फोटोवालीने तेवढा चेहरा कापून घेतला, उजळ केला, चौकीतल्या साहेबांना पाठवून दिला. काम झालं होतं. पण आक्का उठेना.

"पुढचा दाखवा ना."

पुढचा दाखवला. त्याच्या पुढचा. असे फिसकटलेल्या गायकांमागचे लख्ख ठोक्या एकामागून एक येत गेले आणि आक्काच्या कपाळाला आठी पडली.

"हा कुठे बघतोय हो?"

"म्हणजे?"

"प्रत्येक फोटोत खाली बघतोय. ड्रमकडे नाही, लोकांकडे नाही. खाली, इकडे." तिने बोटाने माझ्यावर एक तिरकी रेघ ओढली. रेघ ठोक्याच्या डोळ्यांतून निघाली आणि गायकाच्या पायापाशी थांबली. गायक ताल धरायला टाच आपटत होता. त्याच्या पायात पांढरे शुभ्र बूट होते.

फोटोवालीने सगळे फोटो ओळीने मांडले. प्रत्येकात तेच. गायक डावीकडे सरकला की नजर डावीकडे. उजवीकडे गेला की उजवीकडे. शेवटच्या गाण्यातला फोटो होता तो उडीचा. निवडलेल्यांत जो होता, त्याच्या लगेच नंतरचा. गायक हवेत, दोन्ही टाचा जमिनीपासून वर. आणि मागे ठोक्याची काडी उचललेली, अधांतरी थांबलेली, आणि चेहरा गर्दीत आईचं बोट सुटलेल्या पोरासारखा.

"इथे ताल गेला," फोटोवाली पुटपुटली. "आक्का, त्याला... त्याला ऐकू येत नाही का?"

आक्काने फोटोकडे बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. ते तिचं स्वयंपाकघर नव्हतं, तरीही बघितलं.

"पाच हाका मारल्या मी," ती म्हणाली आणि खाली बसली.

फोटोवालीने गायकाला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"ताई! माझा उडीचा फोटो झाला का?"

"झाला. तो बघूनच फोन केलाय. मला एक सांग, ते पांढरे बूट कुठून आणलेस?"

"बूट? ते ठोक्याने दिले. वर्ष झालं असेल. म्हणाला, स्टेजवर हेच घालत जा, दुसरे घालू नकोस. मला वाटलं शोभतात म्हणून. का?"

फोटोवालीने का ते सांगितलं. अंधारात टाच दिसावी, टाच बघून ताल धरता यावा म्हणून.

"मी त्याला रोज म्हणायचो," गायक म्हणाला, "माझ्या पाठीकडे काय बघत बसतोस, लोकांकडे बघ." मग म्हणाला, "ताई, मी परवापासून त्याला फोनच करतोय."

"आम्हीही तेच केलं," आक्का म्हणाली. "सगळे फोनच करताहेत त्याला. कसा उचलेल? उचलून ऐकेल काय?" तिने आपला फोन फोटोवालीपुढे सरकवला. "मला लिहायला वेळ लागतो. तुम्ही लिहा. लिहा, तुझे फोटो बघितले. टाचेकडे बघून वाजवतोस ते कळलं. फोन उचलू नकोस, नुसतं लिही. मी रागावले नाहीये." मग थांबली. "नाही, ते खोडा. खोटं वाटेल त्याला. लिहा, रागावलेय, पण ये. कुठे आहेस तेवढं लिही."

संदेश गेला. त्याच्यासोबत फोटोवालीने त्याचा तो लख्ख चेहराही पाठवला. मग तिघी फोनकडे बघत बसल्या.   माझ्यात एक जुनी गुणगुण आहे, तीही मी दाबून धरली. संदेश पोचल्याची खूण झाली. मग वाचल्याची खूण झाली. मग काहीच नाही. आक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

फोन थरथरला. फोटोवालीने मोठ्याने वाचलं.

"मोठ्या दवाखान्यात कानाच्या डॉक्टरांकडे बसलोय. इथे आतून नाव पुकारतात. काल माझं नाव पुकारलं ते मला कळलंच नाही, नंबर गेला. आजही गेला बहुतेक. विचारायची लाज वाटते. आक्का, तू येशील का? तू माझं नाव ऐकशील का?"

आक्का दाराबाहेर पोचलीसुद्धा. दवाखाना बंद व्हायची वेळ होत आली होती. फोटोवालीने गाडीची किल्ली घेतली आणि ती अनवाणीच तिच्यामागे धावली. सासूबाईंनी चपला खिडकीतून खाली टाकल्या.

खोलीत सासूबाई आणि मी उरलो. कार्डातून फोटो अजून येतच होते. सासूबाई माझ्यासमोर बसल्या आणि प्रत्येकात गायकाला सोडून मागे कोण आहे ते बघत राहिल्या.

पुढचं मी ऐकलं ते फोटोवालीने घरी येऊन सांगितलं तेव्हा. लांब बोळात बाकांवर माणसंच माणसं होती. ठोक्या अगदी टोकाला, पिशवी मांडीवर घेऊन, आतल्या बाईच्या ओठांकडे टक लावून बसला होता. दोन रात्री त्याने स्टेशनवर काढल्या होत्या. आक्काने लांबून हाक मारली नाही. ती चालत गेली आणि त्याच्या पुढ्यात उभी राहिली. त्याने वर बघितलं. ती त्याच्या शेजारी बसली आणि आतून नाव येईपर्यंत दाराकडे कान लावून बसली. सगळ्यात शेवटी ते आलं. एक कान कामातून गेलाय. दुसऱ्याचं डॉक्टर अजून नक्की काही सांगत नाहीत. बँडमध्ये तो राहणार की नाही तेही ठरलेलं नाही. गायक रोज येऊन त्याच्याजवळ बसतो, एवढं मला माहीत आहे.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. माझ्या एका कोपऱ्यात हिरवट डाग पडलाय, मी पूर्वीपेक्षा लवकर तापतो, आणि कधीतरी मला पुन्हा भिंतीकडे तोंड करून ठेवतील. ठेवू देत. जमलं तर तुमच्या घरातल्या माझ्या भाऊबंदांची धूळ मऊ फडक्याने पुसा आणि त्यांना मधूनमधून निवू द्या. आमच्यासाठी मी एवढंच मागतो. पण माणसांसाठी थोडं जास्त मागणार आहे. घरात कुणाला हाक मारलीत आणि त्याने ओ दिली नाही, पुन्हा मारलीत, तरी दिली नाही, तर आवाज चढवू नका. तो माजलाय असं पटकन ठरवूनही टाकू नका. हातातलं काम ठेवा, उठा, आणि त्याच्या समोर जाऊन उभे राहा.